जट, बॉयकट आणि लाल बट

पार्लरमध्ये पडलेले केस संध्याकाळी झाडून गोणीत भरता येतात. बोललेलं मात्र झाडून निघत नाही, ते साचत जातं. रिसोडला माझं पार्लर सुरू होऊन चौदा वर्षं झाली. मी आणि माझी जाऊ रेखा, दोघीच चालवतो. खुर्चीत बसलेली बाई माझ्याकडे नाही, आरशाकडे पाहून बोलते. म्हणून कदाचित मनातलं सांगून जाते. आधी मला वाटायचं, केस ज्याचे त्याचे असतात. आता वाटतं, त्याचे सोडून बाकी सगळ्यांचे असतात!

*

दहावीतल्या एका मुलीने मामाच्या लग्नासाठी एक बट लाल करून घेतली. एकच, कानामागची. सोमवारी मुख्याध्यापकांनी तिला वर्गाबाहेर काढलं आणि आईला बोलावून घेतलं. आई शाळेतून थेट माझ्याकडे आली, बट काळी करायला. पण तिला हसू आवरत नव्हतं.

"सर म्हनाले, शाळेत रंगवलेले केस चालत नाईत. मी त्याईच्या डोक्याकडं पायलं, तं मेंदीनं लालभडक! म्हटलं, सर, तुमचेबी तं लालच हायेत. तं म्हनते, 'ते औषधी हाय बाई, डोकं थंड राहते.'"

"मग तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, मंग राहू द्या ना सर. पोरीचंबी डोकं लय गरम हाय!"

आम्ही दोघी हसलो. मुलगी हसली नाही. बट काळी होईपर्यंत ती आरशात एकटक बघत होती.

*

केनवडची अर्चना आरोग्यसेविका आहे. दिवसभर स्कूटीवर या गावातून त्या गावात. हेल्मेटखाली अंबाडा दाबला जाऊन डोकं ठणकायचं. एक दिवस आली आणि म्हणाली, "ताई, बॉयकट."

मी तीनदा विचारलं. तिने तीनदा मान हलवली. कापले.

गावात तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. सगळे तिच्या सासूकडे जाऊ लागले, दुखवट्याला गेल्यासारखे. "काय व बाई, सुनेनं हे काय करून घेतलं? आजारीबिजारी तं नाई?"

आठवड्याने ती सासूच पार्लरच्या दारात उभी! नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, चेहरा घट्ट. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. रेखा तर मागच्या खोलीत निघून गेली. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आपला पांढरा अंबाडा सोडला.

"मायेबी तसेच कर."

"आई, पण..."

"एकटीले नावं ठेवून राह्यले लोक. दोघीले ठेवतीन, तं वाटून येतीन!"

मी खांद्यापर्यंतच कापले. सत्तरीच्या बाईचा बॉयकट करायची हिंमत माझीच झाली नाही. त्यांची होती.

*

माझं पार्लर बायकांचं. तरी एका दुपारी आमच्या गल्लीतल्या उषाकाकूंनी मला शटर अर्धं ओढायला लावलं आणि आपल्या मुलाला, अक्षयला, आत ढकललं. तो पुण्यात नोकरी करतो. बहिणीच्या लग्नाची बोलणी होती म्हणून घरी आला होता. डोक्यावर दोरखंडासारख्या वळलेल्या बटा, खांद्याच्या खाली आलेल्या. ड्रेडलॉक्स.

"न्हाव्याकडं नेलं तं सारं गाव पाह्यते. तू काप इथंच," काकू म्हणाल्या.

अक्षय शांतपणे म्हणाला, "वहिनी, कापू नका. मले आवडतात."

त्याने एस.टी.तली गंमत सांगितली. वाशिमहून येताना एका आजोबांनी उठून त्याला जागा दिली, "बसा महाराज." एका बाईने आपलं तान्हं त्याच्या पायावर घातलं. घरी आला, तर वडील दोन दिवस बोलले नाहीत. म्हणाले एकच, "गांजेकस दिसते."

त्याने केस कापले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडचे बघायला आले. पुढचं काकूंनी मला सांगितलं. चहा झाल्यावर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "हे महाराज कोन?"

काकूंचा जीव टांगणीला. तेवढ्यात न बोलणारे वडीलच बोलले, "मायाच पोरगा हाय. बहिनीचं लग्न होईपर्यंत केसाले कातर लावत नाई. नवस हाय त्याचा."

म्हातारा गहिवरला! "असा भाऊ हाय, तं पोरगी कशी असन!" लग्न तिथेच ठरलं. मंडपात पाहुणे अक्षयच्या पाया पडत होते आणि वडील बाजूला ताठ उभे होते. केस तेच होते. घराबाहेर महाराजाचे, घरात गांजेकसाचे आणि एका वाक्यात नवसाचे.

*

आमच्या समोर नसीमआपांचं बांगड्यांचं दुकान. त्यांना कॅन्सर झाला. नागपूरला केमो सुरू झाली तसे केस पुंजक्याने हातात यायला लागले. एका सकाळी त्या आल्या, ओढणी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "रोज रोज थोडा थोडा जाता, तो रोज रोना आता. एक दिन में निकाल डाल."

मी मशीन फिरवलं. त्या रडल्या नाहीत, मी रडले. शेवटी त्यांनीच मला पाणी दिलं.

आता आपा बऱ्या आहेत. केस परत आले ते दाट आणि कुरळे. आधी सरळ होते. ईदला सगळ्या बायका त्यांच्याच डोक्याकडे बघत होत्या. नवीन राहायला आलेल्या एकीने तर विचारलंच, "आपा, कर्ल कुठं केले? लय सुंदर दिसून राह्यले!"

आपा हातातल्या बांगड्या गिऱ्हाइकाला चढवता चढवता म्हणाल्या, "नागपूर में. बहोत भारी पडता, बहन. तुम मत करो."

*

वच्छलाबाई एका मंगळवारी दुपारी एकट्या आल्या. पंचेचाळिशीच्या. डोक्यावरचा पदर काढला, तर कमरेपर्यंत जट. मनगटाएवढी जाड, हळदीकुंकवाने माखलेली. मान एका बाजूला कललेली.

"डाक्टर म्हनते, हे वजन काढलं नाई तं मान जाईन. काप."

रेखा दोन पावलं मागे सरली. "वैनी, आज मंगळवार हाय. देवीची जट हाय ते."

खरं सांगते, भीती मलाही वाटली. पण मी धीराचं बोलू लागले. देवीचा कोप वगैरे काही नसतो, केस गुंतले की जट होते, तुम्ही भिऊ नका. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मले ठाव हाय ना. धाकट्याच्या बाळंतपनात आजारी पडली, तीन मयने फनी नाई लागली. त्याचीच झाली हे. अठरा वर्षं झाली."

"मंग अठरा वर्षं काहून ठेवली?"

त्या आरशाकडे पाहून बोलू लागल्या.

"आमचा मानूस लय मारे मले. जट दिसली अन् सासू म्हने, घरात देवी आली. त्या दिवसापासून त्यानं हात नाई उगारला."

मी कात्री खाली ठेवली. रेखा जवळ आली.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता मानच जाऊन राह्यली ना बाई. काप. पन फेकू नोको. मले दे."

दोन तास लागले. कोमट पाण्याने भिजवत, थोडं थोडं कापत गेले. ज्या रेखाने मंगळवार काढला होता, तिनेच दोन्ही हातांनी जटेचं वजन तोलून धरलं. शेवटचा धागा सुटला आणि बाईंची मान आपोआप सरळ झाली. त्यांनी ती डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"हलकं वाटते?"

"भेव वाटते," त्या म्हणाल्या.

रेखाने कोऱ्या ब्लाउजपिसात जट गुंडाळून दिली. मी कागदावर माझा नंबर लिहून दिला आणि म्हटलं, काही झालं तर रात्री-अपरात्रीही फोन करा. फोन आला नाही. महिने गेले. मला त्या फोनचीही भीती वाटायची आणि न येण्याचीही.

दिवाळीनंतर त्या आल्या. कानापर्यंत आलेले केस, तेल लावून विंचरलेले. शेंडे सारखे करायचे होते. मी कात्री चालवत हळूच विचारलं, "घरी बरं हाय ना?"

"हाय ना. जट देव्हाऱ्याजवळ खुंटीले टांगली. आमचा मानूस वावरातून आला का आधी तिच्या पाया पडते. मंग मायाकडं पाहून म्हनते, 'चहा ठेवता काय जी?'"