चिकट बटणं आणि दुपारची झोप

दातांच्या डॉक्टरांनी गाडीतल्या एसीचं बटण दाबलं आणि त्यांचा अंगठा तिथेच राहिला. ओढून सोडवला तेव्हा त्यावर करडा लगदा होता. पुसायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्यांनी अंगावरच्या पांढऱ्या कोटाला पुसला, आणि त्याच कोटात ते मास्तरांच्या दारात येऊन उभे राहिले.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांची आतली बटणं दुरुस्त करत. या गाड्या बनवणाऱ्यांना एके काळी हौस आली, की बटण बोटाला मखमलीसारखं लागलं पाहिजे. म्हणून त्यावर रबरासारखा मऊ रंग चढवला. पंधरा-वीस वर्षं ऊन खाऊन आणि घाम पिऊन त्या मखमलीचा पाक होतो. गाडी बाहेरून आरशासारखी, आणि आत बसलेला माणूस बोटं फाकवून, नुकतंच जेवून उठल्यासारखा. मास्तर एकेक बटण काढत, खणाखणांच्या डबीत ओळीनं निजवत, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं सगळा चिकटा उतरवत. मग नवा, कडक रंग आणि त्यावर पंख्याची, दिव्याची बारीक चित्रं. या वेळी जवळ कुणी मोठ्यानं श्वास घेतला तरी धूळ उडते म्हणून हाकलत. गिऱ्हाइकाची आधी तपासणी व्हायची: हाताला क्रीम लावता का, गाडीत खाता का, आणि खाल्लं तर हात धुता का. मास्तर हे नाव त्यावरून पडलं, आणि त्यांना ते मनातून आवडायचंही.

डॉक्टरांचं म्हणणं, काम इथंच करून घेतलं होतं, दोनच महिने झाले. मास्तर म्हणाले, ही गाडी मी जन्मात पाहिलेली नाही. तुम्ही कसे पाहणार, डॉक्टर म्हणाले, तुम्ही आत झोपला होता. तुमच्या माणसानं केलं, तासाभरात.

मास्तरांकडे माणूस नव्हता, आणि तासाभरात ते एक बटणही हातावेगळं करत नसत. ते गाडीत शिरले. गुडघे हनुवटीला टेकले. बटणाला नाक लावलं आणि तसेच थांबले.

गुलाबाचा वास. संध्याकाळी तोंड धुऊन आल्यावर बायकोच्या गळ्याला येतो तो. परक्या माणसाच्या गाडीत बायकोचा वास आल्यावर मास्तरांनी डॉक्टरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ डॉक्टरांना कळला नाही हे दोघांच्याही प्रकृतीला बरं झालं. मग मास्तरांना तो करडा लगदा दिसला. चिकटा काढलेलाच नव्हता. वरून नुसती पावडर थापली होती. चार दिवस कोरडं वाटतं, मग पावडर आणि चिकटा यांचा संसार सुरू होतो.

त्यांनी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, गाडी पाहिली आणि काही न विचारताच म्हणाली, "त्याला ओरडू नका. पावडरचा डबा मीच दिला होता."

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो मागच्या दारातूनच सगळं ऐकत होता. आता पुढं आला. काम शिकवा म्हणून तो दाजींच्या किती तरी मागं लागला होता, आणि तुझे हात थरथरतात म्हणून दाजींनी त्याला दर वेळी झाडू दिला होता.

"माझ्या नावाची पाटी कुठं लावली मी, दाजी?" तो म्हणाला. "तुमच्याच नावावर केलं सगळं."

यात आपलं काय चुकलं हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. किती गाड्या केल्या, असं मास्तरांनी विचारलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं जमिनीकडे पाहिलं.

मास्तरांचं डोकं आता दुसरीकडेच चाललं होतं. गेले काही महिने बायको दुपारी जेवायला आग्रह करत होती. आणखी थोडा भात घ्या, एवढ्यानं काय होतंय, म्हणत वाढत होती. मग उशी ठीक करत होती, खिडकीचा पडदा ओढत होती. पायावर चादर घालून दारही हलकेच लोटून घेत होती. उतारवयात बायकोची माया वाढते, असं मास्तरांनी शेजारच्या घड्याळवाल्याला छाती फुगवून सांगितलं होतं, आणि घड्याळवाल्यानं घरी जाऊन बायकोशी त्यावरून भांडणही केलं होतं.

"तो भात," मास्तर म्हणाले, "झोप लागावी म्हणून होता?"

बायको म्हणाली, तुम्ही जागे असता तर त्याला हात लावू दिला असता का? मग जरा थांबून म्हणाली, चादर मात्र मनापासून घालत होते. मेहुणा झाडू शोधायला गेला. निदान ते काम त्याला परवानगीनं करता येत होतं.

मास्तरांनी डॉक्टरांच्या गाडीचं पहिलं बटण काढलं आणि डबीत ठेवलं. दुसरं काढताना पकड सटकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे हात थरथरत होते. डॉक्टरांचं रोजचं कामच घाबरलेल्या माणसाला खुर्चीत धीर द्यायचं; ते शेजारी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या हो मास्तर. घरचीच माणसं आहेत. मनावर घेऊ नका."

"घरची आहेत म्हणूनच घेतलंय."