सोनीनं चार्ज दिला

एक फाइल बंद करायची होती, म्हणून मी हिंगोली जिल्ह्यात गेले. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही. "फाइल बंद करायला नाशिकहून एवढ्या लांब? कुरिअरने मागव की," नवरा म्हणाला. त्याला वाटलं फाइल म्हणजे कागद.

नव्या वाचकांसाठी सांगते. आपत्ती आलेल्या भागात लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत मी पर्यवेक्षक आहे. एका लेकरामागे आमची एक कार्यकर्ती. लेकराला काय हवंय, डॉक्टर, शाळा, समुपदेशक की नुसतं ऐकून घेणारं कुणी, हे शोधायचं आणि ते मिळेपर्यंत हात सोडायचा नाही. सगळं ठीक झालं की शेवटची भेट, लेकराला विचारणं, आणि मग माझी सही. फाइल बंद. त्यानंतर त्या दारात आमचं कुणी जात नाही, म्हणून सही करताना मी जरा घाबरूनच असते.

आणि हो, कमेंटमध्ये भांडू नका: गावाचं नाव मी सांगणार नाही. नकाशा नाही, फोटो नाही. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतलीय, दोन-चार खुणा मुद्दाम बदलल्यात. मुलीचं ब्लॉगपुरतं नाव तिनंच निवडलं. सोनी. हे तिच्या शेळीचं नाव आहे. वारंगा फाटा, फार तर कळमनुरी, तिथपर्यंत काय हवं ते विचारा, पुढचं माझ्या पोटात.

तर फाट्यापर्यंत. रेल्वेने नांदेड, तिथून हिंगोलीकडे जाणारी एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि सकाळी खिडकीही मिळते. मी जन्माची झोपाळू. आई म्हणायची, हिला भिंतीला टेकवून उभं केलं तरी झोपेल. अर्धापूरच्या केळीच्या बागा सुरू झालेल्या दिसल्या आणि डोळा लागला तो कंडक्टरच्या "फाटा, फाटा! उतरा बाई!" पर्यंत. तिथे खिचडी खाल्ली, वर तळलेली मिरची. चाळीस रुपयांत पोट टम्म. मिरची बेतानं खा, मी बेत पाळला नाही आणि पुढची जीप येईपर्यंत डोळे पुसत उभी राहिले.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. हळद काढून झालेली, शिजवण चाललेली. जीप निघाली तशी दोन्ही बाजूंच्या शेतांतून वाफ उठताना दिसायला लागली. वाफेतून माणूस यायचा, पुन्हा वाफेत जायचा. उन्हात हळद पसरलेली, माणसांचे हात पिवळे, जीपच्या दांड्यावर बोटांचे ठसेही पिवळे. मातीचा आणि शिजल्या हळदीचा वास आत भरला आणि मी जागी आहे की पुन्हा झोपले हेच कळेना. कुणाला हिंगोलीला जायचं असेल तर याच दिवसांत जा, एवढं मनापासून सांगते.

कळमनुरीला मंदाताई स्कूटी घेऊन उभ्या. या आमच्या कार्यकर्त्या, मूळच्या सेनगावच्या, तिशीतल्या, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. लॉजवर सामान टाकलं, चहा मागवला, आणि त्यांनी फाइल माझ्यापुढे अशी ठेवली की जणू स्वतःच्या हातची पुरणपोळी वाढत होत्या.

"माही पयली केस हाय ताई ही. आठ महिने झाले. आता बराबर झोपती, शाळंत जाती. सही करा अन् मोकळ्या व्हा."

या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते. लांबून ट्रक जावा तसा आवाज येतो, भांडी थरथरतात, थांबतं. गेल्या वर्षी एका पहाटे जरा मोठा धक्का बसला. अकरा वर्षांची सोनी सगळ्यांच्या आधी जागी झाली, ओरडली, पाच वर्षांच्या भावाला, बाळूला, ओढत बाहेर आली. पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवतात ना, त्यातला एक बाळूच्या उशीवर पडला होता. गावभर कौतुक झालं. मग आमची संस्था पोचली, मी पोचले. शाळेत मुलांचं सुरक्षा पथक केलं, सोनीला त्याची प्रमुख केलं आणि सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी घातली. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

त्यानंतर पोरगी घरात पाऊल टाकेना. मंदाताईंनी तिथून काम सुरू केलं. छपरावरचे दगड खाली उतरवून घेतले, घरच्यांना समजावलं, सोनीला हळूहळू आत आणलं. "मुलीचे गुण" या रकान्यात माझंच अक्षर होतं: जागरूक, जबाबदार. मला स्वतःचं अक्षर आवडलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात. सोनीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, पाडव्यानंतर येणार. ती आणि बाळू चुलत्यांकडे. काका गावचे कोतवाल. तलाठ्याचे निरोप घरोघर पोचवायचे, गावावर नजर ठेवायची, ही त्यांची नोकरी. अंगणातच भाड्याने आणलेला हळद शिजवायचा मोठा कुकर फुसफुसत होता. काकूंनी चहा दिला, त्यालाही हळदीचा वास.

"या पोरीचे कान लई तेज हायेत म्याडम," काका कौतुकानं म्हणाले. "सोनी हाय म्हून आमी बिनघोर झोपतो."

मी हसले. सोनीही हसली.

मंदाताईंनी चित्रांचं कार्ड काढलं. हसरं तोंड, मधलं तोंड, रडकं तोंड. झोप कशी? सोनीनं हसऱ्यावर बोट ठेवलं. भीती? पुन्हा हसऱ्यावर. घरात बरं वाटतं? हसरं. मंदाताईंचा चेहरा नुसता फुलला होता. सही राहिली होती, ती जेवणानंतर करू म्हटलं.

काकूंनी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा वाढला. एवढं जेवल्यावर माझं काय होणार ते तुम्हाला ठाऊकच आहे. मंदाताई शेजारच्या घरी गेल्या, मी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकली. कुकरची वाफ अंगणभर हिंडत होती. वाफेत काकू दिसायच्या, शेळी दिसायची, मग काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. अर्ध्या झोपेत वाटलं, कुणीतरी माझ्या उशाशी बसलंय.

सोनी होती. एक तळवा जमिनीवर सपाट टेकवलेला. शिट्टी ओठांत.

"काय करून राहिली गं?" मी विचारलं. दोन दिवसांत माझीही जीभ वळली होती.

तिने शिट्टी काढली. "काई न्हाई. तुमी झोपल्या म्हून बसले."

"म्हणजे?"

"कुणीतरी जागं पाह्यजे न्हवं?"

मी उठून बसले. झोप कुठल्या कुठे गेली. "आणि रात्री घरात कोण जागं असतं?"

"मीच."

"रोज?"

"व्हय. बाकीच्यांना ऐकूच येत न्हाई."

"मग तू झोपतेस कधी?"

"शाळंत. इतिहासाच्या तासाला. गुरुजी बी पेंगतात." ती खुदकन हसली. मलाही हसू आलं आणि लगेच गेलं.

"मघाशी हसऱ्या तोंडावर बोट काहून ठेवलंस मग?"

तिने जमिनीवरचा हात काढला नाही. "मंदाताई लई लांबून येतात. रडकं दाखवलं की त्यांचं तोंड उतरतं."

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. ही पोर आठ महिने आमच्यासाठी सोंग घेत होती आणि मी जेवणानंतर सही करणार होते. शिट्टीच्या निळ्या दोरीला गळ्याच्या घामानं पार काळपट कड आली होती. रात्री तरी ती काढायची की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

"हे मंदाताईंना सांगू?" मी विचारलं.

तिने बराच विचार केला. "सांगा. पर मह्यावर रागवू नका म्हणावं."

परतीच्या वाटेवर मी मंदाताईंना सांगितलं. त्यांनी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावली आणि कापलेल्या तुरीच्या धसकटांकडे बघत उभ्या राहिल्या. "आठ महिने ताई. पोरगी मला सांभाळून राहिली व्हती, अन् मला वाटलं मीच तिला सांभाळून राहिले." त्या रडल्या. मी म्हटलं, तुमची चूक निम्मीसुद्धा नाही. लेकरू घाबरलं होतं आणि मी त्याच्या गळ्यात पहारा बांधला. वर टाळ्या वाजवल्या. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

"शिट्टी काढून घ्यावी का?"

"नको. तिला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. आणि शिट्टीवाचून जागी राहीलच की."

मंदाताईंनी पदरानं तोंड पुसलं. "माहे सासरे पंचायत समितीत शिपाई व्हते. रिटायर झाले त्या दिशी चार्ज घ्यायला माणूसच आला न्हाई. तर दोन दिवस बिनपगारी जाऊन बसले हापिसात. म्हणे, चार्ज दिल्याबिगर कसं सोडू?" त्या एकदम थांबल्या. "ताई, तिच्याकून कुणी चार्जच घेतला न्हाई."

तिसऱ्या दिवशी माझी दुपारची गाडी होती. सकाळीच काकांना बाजूला घेऊन आम्ही सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "कोतवाल मी," ते म्हणाले, "अन् पहारा लेकराचा." मग आत जाऊन वही आणि पेन घेऊन आले. "घ्यायचा तर बराबर घेऊ. लिखापढीनं."

सोनीला समोर बसवलं. काकांनी विचारलं, "चार्जमंदी काय काय देऊन राहिली, सांग." ती आमच्याकडे बघत राहिली. थट्टा चाललीय का, ते तपासत असणार. काकांचा चेहरा अगदी तलाठ्यासमोर असतो तसा. मग ती सांगायला लागली आणि काका लिहायला लागले. एक, शिट्टी. दोन, जमिनीचा आवाज ऐकणे. तीन, बाळूला आधी उठवणे. चार, काकूला हाक मारणे, ती लवकर उठत नाही. पाच, शेळी सोडणे.

"झालं?"

"झालं."

काकांनी यादी वाचली, पुन्हा वाचली. "अन् तुला कोण उठवल?"

"मला न्हाई उठवा लागत."

"आता लागल." त्यांनी लिहिलं. सहा, सोनीला उठवणे. लिहून वही तिच्यापुढे सरकवली.

तिने ती ओळ बोटानं वाचली. सही केली. काकांनी खाली सही केली, मंदाताई साक्षीदार. मग तिने गळ्यातली दोरी काढली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती गळ्यात घातली, स्टूल ओढलं आणि दारात बसले.

ती पोत्यांवर जाऊन पडली, पण डोळे काकांवर. दहा मिनिटं तरी बघत होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, जमीन जराशी थरथरली आणि तिची मान झटक्यात वर आली. काकांनी शिट्टी ओठांत धरली होती, एक तळवा खाली टेकवला होता. मान हलवून ते म्हणाले, "ट्रॅक्टर." तिने मान खाली ठेवली. कुकरची वाफ आमच्या सगळ्यांवरून गेली. वाफ विरली तेव्हा ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

काकूंनी हातानंच शेळीला हुसकावलं. बाळू पायांच्या बोटांवर चालत होता. आणि मी, बसमध्ये, लग्नात, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत झोपणारी मी, टक्क जागी होते. माझी गाडी निघून गेली. पिवळं ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं तरी ती झोपलेलीच, आणि मला असं वाटत राहिलं की अख्खं गाव तिच्या झोपेत आहे आणि पाय वाजवले तर मोडेल. अशी सुंदर दुपार मी कुठल्याच प्रवासात पाहिली नाही.

शिट्टी दिल्या-घेतल्यानं भीती जात नाही, हे मला कळतं. फाइल उघडीच ठेवली. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली, उसाच्या फडात आईवडिलांशी फोनवर बोलले. "जागरूक, जबाबदार" या शब्दांवर मी स्वतः रेघ मारली आणि पुढे लिहिलं: अकरा वर्षांची आहे.

नाशिकला परतले. बॅगेतल्या कपड्यांना अजून हळदीचा वास येतो, ते धुवायचा मला कंटाळा येतोय असं घरी सांगितलंय. आठ-दहा रात्री मात्र माझी झोप मोडत राहिली. गावातून फोन आला नव्हता आणि करायचा मला धीर नव्हता.

काल दुपारी मंदाताईंचा आला. आवाज खालचा. "ताई, काकूची तक्रार हाय. काका चावडीत पेंगून राहिले, तलाठी ओरडले म्हणे. अन् सोनी..."

"सोनीचं काय?"

"शाळंतून निरोप आला. फाइलीत लिहू का नको, म्हून इचारते."

"जे झालं ते लिहा. काय झालं?"

कागद उलटल्याचा आवाज आला. मंदाताई फाइलीतल्या भाषेत, एकेक शब्द वाचू लागल्या. "आज सोनी शाळेत दोन तास उशिरा आली. कारण, घरच्यांनी तीनदा हाक मारूनही ती उठली नाही."

मी पलंगावर बसले.

"परत वाचा," मी म्हटलं.