राजाचा वंश

पुआ गावाच्या बाजारात नोय तिपाला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण तशी सोयच त्याने ठेवली नव्हती. चार माणसं जमली की हा मध्ये, आणि आवाज सगळ्यांच्या वर.

तरुणपणी, रिवाजाप्रमाणे, तो संध्याकाळी सेंगला या तरुणीचं मन जिंकायला तिच्या अंगणात गायला जाई. दुसरा कोणी जिन्याच्या पायरीशी आला की मारामारी. अशाच एका मारामारीत त्याचा दात पडत असताना ठेंगणा इनसोम मागच्या दाराने आत शिरला आणि सेंगलाच्या आईला लसूण सोलून देऊ लागला. लग्न इनसोमचं झालं. तिपाचं राहिलं ते राहिलंच.

शहाणा माणूस यातून काहीतरी शिकला असता. तिप क्वांग झुंजवायला शिकला. क्वांग म्हणजे शिंगवाले भुंगे. ओंडक्याच्या भोकात मादी दडवायची. तिच्या वासाने वर दोन नर एकमेकांच्या शिंगांत शिंगं अडकवतात. यंदा तिपाकडे लांब शिंगांचा एक राजा होता आणि त्याला त्याचा वंश हवा होता. स्वतःचा बुडाला, निदान भुंग्याचा तरी चालावा!

राजासाठी राखलेली मादी त्याने टोपलीत ठेवली. टोपलीत एक ‘की’ भुंगाही होता: चिमुकला, शिंगाच्या जागी नुसता कोंब. असल्याला इकडे कोणी नरात धरत नाही, कोंबड्यांपुढे टाकतात. तिपाने तेवढंही केलं नाही.

राजा जत्रेत जिंकला, पण शिंग चिरून परतला. तिपाने टोपली उघडली, तर तो ‘की’ मादीच्या पाठीवर.

“चोर! हरामखोर!”

कुंपणापलीकडून सेंगला धावली. “काय हो तिपदादा, साप निघाला का?”

“माझा राजा तिकडे रक्त आटवतोय आणि हा शेंबडा इथे...”

“टोपलीत कोणी बसवला त्याला?”

“अगं, याला शिंग कुठंय?”

“म्हणून तर सवड होती त्याला!”

मागून इनसोम म्हणाला, “हसू नका. राजाच्या तावडीत सापडला असता तर चिरडला असता. चोरून जायलाही छाती लागते. हिचा बाप कोयता उशाशी घेऊन निजायचा.”

तिपाने राजाला टोपलीत सोडलं. राजाने मादीकडे ढुंकून पाहिलं नाही. थकून उसाला तोंड लावलं आणि आठवड्याभरात मेला. मडक्यात हलवलेल्या मादीने तिथल्या मातीत अंडी घातली. तिपाने मात्र जिद्दीने त्या मडक्यात उत्तम कुजकं शेणखत भरलं, अळ्या लेकरांसारख्या पोसल्या आणि गावभर सांगितलं, राजाची पोरं आहेत.

पुढच्या पावसाळ्यात नर निघाले ते हातभर शिंगांचे वाटावेत असे. खायला भरपूर मिळालं की शिंग वाढतं, हे पुआतलं पोरही जाणतं. तिप तेवढं सोयीस्कर विसरला.

“बघितलंस?” एकेक भुंगा इनसोमच्या नाकापुढे नाचवत तो गरजला. “रक्त बोलतं, रक्त!”

“बोलतं खरं,” इनसोम म्हणाला. “पण कुणाचं, दादा?”