राखाडी पाइप

माझे वडील, आमचे अप्पा, माकणीचे शेतकरी. धरणाकडून आमच्या शेतापर्यंतची पाइपलाइन त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतली. तिचा एक सांधा गळत नाही, हे त्यांनी गावात किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. त्याच माणसाच्या घरात नळाला तांबडं पाणी यायचं. लोखंडी पाइप आतून गंजून गेले होते. आई नळाच्या तोंडाला धोतराचा तुकडा बांधून पाणी गाळायची, आणि अप्पांना ते कधी दिसायचं नाही. कसं दिसेल? शेतात वाकलेली ठिबकची नळी मात्र त्यांना बांधावरून दिसायची.

आईच्या छातीत धूर भरायला लागला तेव्हा मी माहेरी सोलर बसवायचं ठरवलं. निदान अंघोळीच्या पाण्यासाठी तिनं चूल फुंकायला नको. प्लंबर म्हणाला, या जुन्या पाइपात गरम पाणी सोडू नका, सगळे बदला. म्हणून मी आणि अप्पा लोहाऱ्याच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं पिवळसर पांढरा पाइप पुढं ठेवला. "मालक, गरम पाण्याला हाच घ्या. शेतातला राखाडी पाइप गरम पाण्याला चालत न्हाय, मऊ पडतो."

अप्पा हसले. "म्या तीस वर्सं पायपं टाकायलोय. ठिबकच्या वेळचे राखाडी पाइप घरी तसेच पडलेत. वर आजून घेऊ व्हय?"

बाकावर चहा पीत चार शेतकरी बसले होते, सगळे ओळखीचे. मी हळूच म्हणाले, "अप्पा, ते म्हणतात ते बरोबर आहे. मी पण चौकशी केलीय."

"आता लेकीनं मला पायपं शिकवायची ऱ्हायली व्हती," अप्पा म्हणाले, आणि बाकावरचे सगळे हसले.

चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नाही, हे आम्हाला दूधभातासोबत भरवलेलं. मी शहरात नोकरी करते, ऑफिसात वरच्या साहेबाला तोंडावर चूक दाखवते. त्या दुकानात मात्र मी गप्प बसले. आम्ही नुसते सांधे आणि चिकटवायचा डबा घेऊन परत आलो. अप्पांचा चेहरा सगळ्या वाटेनं खुललेला होता. मला राग त्यांचा आला होता, पण आता वाटतं, तो माझाच यायला हवा होता.

घरात राखाडी पाइपच बसले. पुढं उन्हाळा आला, सोलरचं पाणी चटके देण्याइतकं तापायला लागलं. एका सकाळी आईनं बादली भरायला नळ सोडला. डोक्यावरचा पाइप उन्हातल्या मेणबत्तीसारखा वाकलेला होता. तो सांध्यातून निसटला, आणि सगळं पाणी तिच्या खांद्यावर आणि हातावर आलं.

मी पोचले तेव्हा तिचा उजवा हात पांढऱ्या पट्टीत होता. अप्पांनी त्याच दिवशी लोहाऱ्याला जाऊन पिवळसर पाइप आणला होता. मला वाटलं, समजलं त्यांना.

संध्याकाळी भावकीतली माणसं बघायला आली. अप्पा बाजेवर बसले होते. एका चुलतीनं विचारलं, "कसं गं भाजलं एवढं?"

आई म्हणाली, "चुलीवरचं पातेलं कलंडलं माझ्याच हातनं. ध्यान नव्हतं."

मी अप्पांकडं पाहिलं. ते आता तरी बोलतील, असं मला खरंच वाटलं.

"हिचं आसंच आसतंय," अप्पा म्हणाले. "कितींदा सांगावं, ध्यान ठिवून काम करावं म्हून."

आईनं मान हलवली. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. समोर चारचौघं बसली होती. मी उठले आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले.