पण वागायला जरा…

डोळा लागायच्या आधीचं ते एक मिनिट असतं ना, कूलरचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो आणि आपण अजून जागेच आहोत असं आपण स्वतःला बजावत राहतो, त्या मिनिटात मी आहे. कॉलेजच्या क्रीडा विभागाची खोली, दाराला आतून कडी, आणि मी जिम्नॅस्टिक्सच्या गादीवर आडवी. नवतपाचे नऊ दिवस सरून आठवडा झाला तरी नागपूरचं ऊन काही ऐकायला तयार नाही. तीन वाजायला आलेत. पाच वाजता स्पोर्ट्स कोट्याची यादी ऑफिसात द्यायची आहे, एकच जागा उरली आहे.

बावीस वर्षं मी इथल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. यादीच्या दिवशी मला कधी झोप आली नव्हती. आज येतेय, कारण मी टाळतेय, आणि ते मला चांगलं कळतंय.

पहाटे ट्रायल झाली. बल्लारपूरहून आचल वाघाडे नावाची मुलगी आली होती. डावखुरी. तिच्या हातात बॉल गेला की बाकीच्या नऊ जणी खेळायचं सोडून बघत राहायच्या, मीही दोनदा शिट्टी वाजवायला विसरले. ट्रायल संपल्यावर सगळ्या मुली पाया पडल्या. ही नाही पडली. बॅग खांद्याला लावून म्हणाली, "निकाल कधी, मॅडम?" जशी काही मीच तिच्याकडे अर्ज केलाय. दुसरी श्रावणी देशकर. खेळ बरा, बेताचा, पण मुलगी गुणाची. माझ्या पाया पडली, क्लार्कच्या पडली, आणि वॉचमन खुर्चीतून उठायच्या आत त्याच्याही पडली.

दुपारी आचलच्या जुन्या कोचना फोन लावला. आमच्यात तशी पद्धतच आहे. ते म्हणाले, "पोरगी एक नंबर आहे, मॅडम. पण वागायला जरा…" आणि त्यांनी उसासा टाकला. "सेमीफायनल अर्धवट टाकून निघून गेली. अजून काय सांगू?" मी पुढे काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलीला मी हट्टानं घेतलं होतं. अमरावतीला मॅचच्या सकाळी ती दुसऱ्या कॉलेजच्या बसमध्ये जाऊन बसली, आणि आमच्या चार मुली कोर्टवर उभ्या राहून रडल्या. ते मला पुन्हा बघायचं नाही. श्रावणीचं नाव लिहायचं, विषय मिटवायचा, असं ठरवून, दोघींचे नंबर घेतलेला फोन उशाशी ठेवून मी डोळे मिटते.

"शैले, ऊठ बे. किती झोपून राहिली?"

दारात कुंदा सहारे उभी आहे. कडी तशीच लागलेली आहे.

अंगात शाळेची मरून रंगाची हाफपँट, गुडघ्याला सतरा वर्षांच्या मुलीचं खरचटलेलं, आणि केस मात्र गेल्या वर्षीसारखे पांढरे. ती गेल्या सप्टेंबरात गेली, वर्ध्याला तिच्या घरी मीच जाऊन आलेय. स्वप्नातही मला ते ठाऊक आहे. म्हणूनच मी हलत नाही.

"तू तर…" मी म्हणते.

"हो, मेली. डेंग्यूनं. चल, बॉल घे."

कुंदा आणि मी शाळेत एकाच टीमला. मी तिच्याहून एक वर्षानं पुढे, जागा मात्र दोघींची एकच, बॉल घेऊन पुढे जाणाऱ्या गार्डची. खेळ तिचा माझ्याहून चांगला होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच मनातल्या मनात नीट पूर्ण करतेय.

दाराबाहेर कॉलेजचा व्हरांडा नाही. आमच्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट आहे, चुन्याच्या रेघांचं. कुंदा बॉल आपटत माझ्याभोवती फिरते. एकेक ठोका घड्याळासारखा नेमका पडतोय, आणि प्रत्येक ठोक्याला चुन्याची रेघ एक बोटभर आत सरकतेय.

"कोर्ट लहान होतंय," मी म्हणते.

"मग लवकर खेळ ना."

"पाचला यादी द्यायची आहे, कुंदा. मला वेळ नाही."

"माहीत आहे. म्हणून तर आली."

मी बॉलकडे हात नेते आणि हातात वरण वाढायचा डाव येतो. कुंदा वर्ध्याला मेस चालवायची, त्या मेसमध्ये आम्ही उभ्या आहोत. वाफ, वरणाचा वास, लांबलचक बाकडी. बाकड्यांवर मुली बसल्या आहेत, सगळ्या खेळाच्या कपड्यांत, समोर रिकाम्या ताटल्या. एकही आवाज करत नाही. पहिल्या तिघींकडे बघते आणि ओळखते. या सगळ्या मी नाकारलेल्या आहेत. बावीस वर्षांतल्या. चेहरे सगळे ओळखीचे, नाव एकीचंही आठवत नाही.

"वाढ," कुंदा म्हणते.

पातेल्याचं झाकण काढते. आत एक पोळी आहे.

"एकच आहे."

"नेहमी एकच असते. तू कशी वाढते ते सांग."

"जी नीट वागते तिला."

"आणि नीट वागते की नाही, हे तुला कोण सांगते?"

"फोन करते. विचारते."

"कोणाला?"

मी बाकड्यांकडे वळते. शेवटच्या बाकड्यावर आचल आहे. तिच्यापुढे तर ताटलीही नाही.

माझ्या टीमची बस वर्ध्यावरून जायची तेव्हा आम्ही याच मेसमध्ये थांबायचो. कुंदा स्वतः वाढायला यायची, पोरींना आग्रह करून करून खाऊ घालायची. मला सगळ्यांपेक्षा जास्त तूप. एवढ्या वर्षांत जुन्या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नाही. मी सुटले असंच समजत होते.

आता वाफ विरते आणि समोर धोटे सरांची केबिन आहे. आमच्या वेळचे कॉलेजचे कोच. टेबलावर काच, काचेखाली टीमचे फोटो, खुर्ची रिकामी. मी अठरा वर्षांची, टेबलासमोर हात मागे बांधून उभी. हा दिवस मला तोंडपाठ आहे. सरांनी मला बोलावलं होतं, कारण मी आधीच त्यांच्या टीममध्ये होते आणि कुंदा माझ्या शाळेची. हॉस्टेलसकट एक जागा होती. रिकाम्या खुर्चीतून सरांचा आवाज येतो, "ती सहारे कशी आहे गं?"

"खेळते छान, सर," मी म्हणते. माझंच तोंड माझं ऐकत नाही. "पण वागायला जरा…"

खिडकीच्या जाळीपलीकडे कुंदा वाकून बुटाची लेस बांधतेय. ती वर बघते.

"तू इथे होतीस?"

"तेव्हाही इथंच होती. लेस बांधून राहिली होती." ती जाळीला नाक लावते. "बाई, तीस वर्षं झाली, ते वाक्य तसंच लटकून आहे. पूर्ण कर ना. वागायला जरा काय?"

"तू प्रॅक्टिस अर्धी टाकून जायचीस."

"जायची. शेवटच्या धावण्याचा कंटाळा यायचा मला. पुढे?"

"शिव्या द्यायचीस."

"द्यायची. खंडीभर द्यायची. ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी तुझ्या तोंडात ते होतं का? शपथेवर सांग."

भिंतीवर बास्केटबॉलच्या मॅचमधलं चोवीस सेकंदांचं घड्याळ लागलंय. केबिनमध्ये असं घड्याळ कधीच नव्हतं. अकरा. दहा. कोर्ट आता केबिनएवढंच उरलंय आणि चुन्याची रेघ माझ्या बुटांना लागलीय. मला माहीत आहे की भोंगा वाजला की ही जाईल, आणि मग हे मला कोणीही, कधीही विचारणार नाही. एवढी भीती मला कुठल्या फायनललासुद्धा वाटली नव्हती.

"तू आली असतीस तर माझी जागा गेली असती," मी ओरडते. "म्हणून बोलले. तुझं वागणं गेलं चुलीत. माझी जागा गेली असती, कुंदा."

घड्याळ तीनवर थांबतं.

मला वाटतं ती हसेल, नाहीतर एक सणसणीत शिवी देईल, आणि मी दोन्हीला तयार आहे.

"एवढंच होतं तर," ती म्हणते. "मी आपली समजत होती, तोंड खराब म्हणून गेली जागा. शिव्या देणं सोडलं ना बे मी त्यापायी. नवऱ्याला नाही दिली, गॅसवाल्याला नाही दिली. डेंग्यूच्या डासालाही नाही दिली."

मला रडू फुटतं. तिचा खेळ सुटल्याचं वाईट मला कायम वाटत आलंय, पण या गोष्टीचं कधी मनातही आलं नव्हतं. एक बाई तीस वर्षं जीभ चावत जगली, माझ्या अर्ध्या वाक्यासाठी. मी जाळीला हात लावते.

"माफ कर म्हणू नको," ती म्हणते. "त्याला वेळ नाही तुझ्याकडे. ती पोरगी काहून गेली मॅच सोडून?"

"तुला ठाऊक असेल आता."

"मला कसं? मी मेली आहे, पोलीस नाही झाली. तू विचारलं तिला?"

"नाही. तिच्या कोचना विचारलं."

"वा रे वा. तिला विचार ना."

"आणि तिनं खोटं सांगितलं तर?"

"तर खोटं ऐकशील. तुला ओळखता नाही येणार?" जाळी मध्ये नसतेच. कुंदा माझ्या कानावर बॉल दाबून धरते. उन्हात ठेवलेला बॉल तापतो तसा तो तापलाय. "विचार."

आचल कोर्टच्या टोकाला पाठमोरी चाललीय, बॅग खांद्याला. घड्याळ पुन्हा सुरू होतं. दोन.

"काहून गेली तू कोर्ट सोडून?" मी जीव खाऊन ओरडते. "आचल! काहून गेली?"

भोंगा वाजतो.

गादी, कूलर, आतून लागलेली कडी. भोंगा खरा आहे, पण तो एसटीचा आहे आणि माझ्या कानात वाजतोय. कानाशी माझाच फोन आहे, भाजेल इतका तापलेला, आणि माझा हात त्याच्याभोवती आवळलेला. बोटं सोडवत मी पडद्याकडे बघते. आचल वाघाडे, सात मिनिटं, आकडे पुढे पळताहेत.

"मॅडम?" पलीकडून आवाज येतो. "मॅडम, आवाज येऊन राहिला का?"

"बोल," मी म्हणते.

"तुम्हीच लावला फोन. पहिले काहीच कळत नव्हतं. मग तुम्ही कोणाला तरी म्हटलं, माझी जागा गेली असती म्हणून बोलले. मग माझ्यावर ओरडल्या. मी फोन नाही ठेवला. म्हटलं, मॅडमला बरं नाही की काय."

मी उठून बसते. लाज वाटायला हवी, पण तेवढीही ताकद नाही. "काहून गेली होतीस?" मी पुन्हा विचारते, या वेळी पूर्ण जागी.

पलीकडे कंडक्टर कोणाला तरी मागे सरकायला सांगतो.

"मॅडम, खरं सांगू, की सीट मिळेल असं सांगू?"

"खरं."

"सरांनी माझ्याऐवजी ऋतुजाला कॅप्टन केलं होतं. हाफटाइमला आम्ही आठनं पुढे होतो. मला वाटलं, आता जिंकून दाखव म्हणावं माझ्याशिवाय. बाथरूमला जातो म्हणून निघाली ती घरीच गेली. चार पॉइंटनं हरल्या. सरांना सांगितलं, पोट दुखत होतं. तुम्हाला पण तेच सांगणार होती." ती श्वास घेते. "ऋतुजा अजून बोलत नाही माझ्याशी. नाव कापलं असेल ना माझं?"

मी एक्कावन्न वर्षांची आहे. असलीच गोष्ट कबूल करायला मला तीस वर्षं लागली, आणि तीही माणूस गेल्यावर, झोपेत. ही अठरा वर्षांची पोर भरल्या गाडीत, कॉलेजची जागा जाईल हे माहीत असताना बोलून मोकळी झालीय. मला तिचा राग येतोय, हेवा वाटतोय, आणि तिला कोर्टवर बघायची घाईही झालीय.

"कुठे आहेस?"

"गाडीत. सुटून राहिली आता."

"उतर."

"काय?"

"उतर म्हणते ना. पाचच्या आत फॉर्मवर तुझी सही लागते. आणि ऐक, आत्ता मला सांगितलंस ते ऋतुजाला सांगितल्याशिवाय माझ्या कोर्टवर पाय ठेवायचा नाही."

ती हो म्हणत नाही. नुसती धडपड ऐकू येते, बॅग कशावर तरी आपटते, कंडक्टर खेकसतो, "काय बाई, आता काहून उतरता?" मग पायांचा आवाज, पळण्याचा.

श्रावणीला फोन मलाच करावा लागेल. तिचं काहीही चुकलेलं नाही आणि मला तिला तसंच सांगावं लागेल. पाण्याची बाटली शोधते, यादी पुढे ओढते, पेनाचं टोपण काढते. पलीकडून फोन कट झालाय. पडद्यावर कॉलची वेळ उरलीय, अकरा मिनिटं. त्यातली पहिली सात मी कुंदाशी बोलत होते.