डेव्हनच्या पावसातलं वाळवंट

लोकहो, बूट अजून ओले आहेत, पण हे आत्ताच सांगायचंय.

आम्हा दोघांना अमेरिकेतल्या लाल खडकांच्या वाळवंटातून गाडीने भटकायचं होतं. माझ्या नवऱ्याची, नीलची, सुट्टी ऐन वेळी कॅन्सल झाली. "वीकेंडला डेव्हनला जाऊ, तिकडे पण डेझर्ट आहे," म्हणाला. डेव्हनला! इथल्याच, इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या किनाऱ्याला! लेस्टरच्या घरून निघाल्यापासून मी तोंड फुगवून बसले होते, त्यात हा पाऊस.

आणि मग एका अरुंद रस्त्याच्या वळणावर झुडपांची भिंत संपली. समोर लालभडक कडे, थेट समुद्रात उतरलेले, पावसाने आणखीच लाल झालेले. माझ्या तोंडून नुसतं "आई गं!" निघालं.

खाली बीचवर गेलो. कड्यात तिरक्या रेघा होत्या, एकीवर एक चढलेल्या. नील इंग्लंडमध्येच जन्मलेला, त्याचं मराठी तोडकंमोडकं. दगडावर हात ठेवून म्हणाला, "हे खरंच वाळवंट होता. वारा यायची, मग वाळूचा लाट व्हायचा. तो लाट आता दगड झाला."

वाळूची 'टेकडी' हा शब्द त्याला आठवला नसणार. एरवी मी त्याचं प्रत्येक तो-ती-ते सुधारते. आज तोंड उघडलं आणि पुन्हा कड्याकडे बघितलं. खरंच, लाटच होती ती! उसळता उसळता थांबलेली.

"चुकलं?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही."

तुमच्या घरात आहे का असा एखादा चुकीचा शब्द, जो तुम्ही कधीच सुधारणार नाही?

आमच्याकडे आजपासून 'तो लाट'.