नकाराचा रकाना

इकडे वस्तीतल्या बाया-लेकरांच्या तब्येतीचं पाहणाऱ्या बाईले मितानिन म्हणतात. मी तेच काम करत होती. अन् चूक माझ्याच हातची होती, म्हणून आधी तीच सांगते.

लसीच्या कागदावर रकाने दोनच. लस दिली, नाहीतर नकार. आमच्या बाया सकाळी साडेसातले हथखोजच्या कारखान्यांत निघून जात, लेकरं सासूपाशी नाहीतर सोबत. लस देणारी सिस्टर यायची अकराले. दाराले कुलूप, नाहीतर सासू म्हणे, माय घरी नाही तं सुई नको. मी आपली ‘नकार’ लिहून मोकळी.

एक दिवस सिस्टर म्हणे, "मावशी, तुमच्या वस्तीत येणं आता बंद होऊन राहिलं. बाया नाहीच म्हणतात, तुमच्याच कागदावर आहे. इथून पुढे दवाखान्यात न्या म्हणा."

मी शेजारच्या पोरीले विचारलं. तिचं लेकरू तीन महिन्यांचं. "तुले लस नाही पायजे काय वं?"

"कोण म्हणते? दवाखान्यात नेलं का दिवसाचा खाडा. दोन खाडे झाले का ठेकेदार म्हणते, घरीच राय. अन् नकार तं तुमीच लिहून राहिल्या, काकू."

लागलं मले ते.

दवाखान्यातल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही मितानिनी मागच्या खुर्च्यांवर बसत असू. चहा प्यायचा अन् मान हलवायची. लसीचं काम पाहणाऱ्या साहेबांनी लस बंद होणाऱ्या वस्त्यांची नावं वाचली, आमचं नाव आलं तशी मी उभी राहिली. "साहेब, तो नकार खोटा आहे. मीच लिहिला."

"क्यों लिखा, दाई?" इकडे मायले दाई म्हणतात.

"बाई कामावर गेली, हे लिहाले जागा कुठं होती?"

"तो सुई आधी रात को लगाएँ?" लोक हसले.

"नाही. बासीच्या टायमाले या."

रातचा भात पाण्यात घालून सकाळी खातात, ती बासी. साडेसहाले घरोघरी बाई बासी खात बसली असते अन् लेकरू मांडीवर असते. हे मले माहीत होतं, कागदाले नव्हतं.

पुढच्या खुर्चीवरून सिस्टर वळून पुटपुटली, "मावशी, मले पाचले उठावं लागन."

"चहा माझ्याकडे."

साहेब म्हणाले, एक महिना करून पाहू, मग ठरवू.

पहिल्या सकाळी मी पट्टीनं तिसरा रकाना आखूनच नेला, ‘कामावर’. शेजारची पोरगी बासीचा कटोरा हातात घेऊनच आली. सुई लागली तसं लेकरू रडलं, तिनं त्याले सासूच्या कडेवर देलं अन् टायमावर कारखान्यात गेली. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी एकच नाव पडलं. संध्याकाळी ती बाई कामावरून आली, तवा मी तिच्या उंबऱ्यावर बसून होती, कोणत्या टायमाले येऊ ते विचाराले.